ब्लँकेटचे पदर सुटतायत? सुयांची खोली वाढवण्याआधी एवढं बघा

घडीच्या पोळीला पदर सुटले की सुगरणीचं कौतुक होतं. भट्ट्यांना आतून अस्तर म्हणून लावतात त्या सिरॅमिक फायबरच्या ब्लँकेटला सुटले की रोल परत येतो, त्याआधी मोबाइलवर फोटो येतो आणि फोटोच्या पाठोपाठ मालकाचा फोन. अठरा वर्षं मी या लाइनींवर काढली, त्यातली बरीचशी भरूच-अंकलेश्वर पट्ट्यात. या एका दोषाने मला जितक्या रात्री घरातून उठवून नेलं तितकं दुसऱ्या कशानेच नाही. भट्टी बिघडली तर आंधळ्यालाही कळतं. पदर सुटत असतात तेव्हा मात्र लाइन मजेत चालू असते, रोल भरत असतात, शिफ्टचा आकडाही झकास असतो. कळतं ते गिऱ्हाइकाकडे, त्यांच्या माणसाने मॉड्यूल, म्हणजे भट्टीच्या अस्तराचे घडीचे ठोकळे, करायला ब्लँकेटची घडी घातली आणि घडीच्या बाहेरच्या बाजूला ते उकललं की.

आणि मी पोचेपर्यंत कोणीतरी एक काम करून ठेवलेलंच असतं: सुयांची खोली, म्हणजे सुई ब्लँकेटमध्ये किती आत उतरते ते, वाढवलेली. त्याने एक-दोन रोल बरे निघतात, सगळे सुस्कारा सोडतात, आणि दुसऱ्या दिवशी आधीपेक्षा वाईट माल येतो. म्हणून खालच्या क्रमात खोली मी मुद्दाम मागे ढकलली आहे. आधी ज्याला पैसे लागत नाहीत ते बघू.

मुळात हे ब्लँकेट कशाच्या जोरावर उभं असतं ते डोक्यात पक्कं हवं. यात डिंक नाही, राळ नाही, ताणा-बाणा नाही. अ‍ॅल्युमिना आणि सिलिका जवळपास निम्मेनिम्मे घेऊन विजेच्या भट्टीत वितळवतात, ती धार गरगर फिरणाऱ्या चाकांवर पडते आणि तिचे तंतू उडतात. साधारण २ ते ४ मायक्रॉन जाडीचे, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षा कितीतरी बारीक. चालत्या जाळीखालून हवा ओढलेली असते, त्यामुळे ते जाळीवर येऊन बसतात आणि लोकरीचा थर साचत जातो. बसताना ते आडवे बसतात. एकावर एक, पानांसारखे. खऱ्या लोकरीच्या तंतूला खवले असतात, कापसाला पीळ असतो, म्हणून ते एकमेकांत अडकून राहतात. हा तंतू काचेचा: सरळ, गुळगुळीत आणि ठिसूळ. त्याला शेजाऱ्याशी बांधायचं काम एकटी सुई करते. सुईच्या धारेवर बारीक खाचा असतात, त्या वरचे थोडे तंतू पकडून खाली ओढून नेतात, आणि थरांतून आरपार उभे झुबके तयार होतात. गादीवाला कापसाच्या गादीला टाके मारतो ना, तेच. टाके गेले की कापूस सरकतो.

म्हणजे पदर सुटले याचा अर्थ टाके पडलेच नाहीत, किंवा पडले पण तुटले. या दोनपैकी काय झालंय ते ठरवण्यातच निम्मी लढाई आहे.

लक्षणं कशी दिसतात

सगळ्यात ठळक लक्षण म्हणजे कोपरा ओढल्यावर ब्लँकेट मधूनच दोन सारख्या पानांत उघडणं. पण त्याच्या आधीची लक्षणंही असतात, ती कोणी बघत नाही. सुईकामानंतर ब्लँकेट ज्यातून तापून निघतं त्या ओव्हनमधून बाहेर येणारं ब्लँकेट ठरलेल्या जाडीपेक्षा फुगीर दिसतं. २५ मिमीच्या जागी २८-२९ भरते आणि सुपरवायझर खूश होतो, ‘जाडी चांगली येतेय’ म्हणतो. रोल गुंडाळताना आतल्या बाजूला आडव्या सुरकुत्या पडतात. कडा कापणाऱ्या पात्याखालून निघणारी पट्टी अखंड न येता पिंजून येते. लॅबमध्ये ताण-चाचणीचा आकडा हळूहळू उतरत असतो, पण मर्यादेच्या आत असतो म्हणून वहीत लिहून पान उलटलं जातं.

यातली दोन लक्षणं एकाच शिफ्टमध्ये दिसली तर गिऱ्हाइकाच्या फोनची वाट बघू नका.

हात लावण्याआधी

तोंडाला रुमाल बांधून ब्लँकेट सोलू नका. हे तंतू श्वासातून आत जाण्याइतके बारीक आहेत. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने रिफ्रॅक्टरी सिरॅमिक फायबर गट २बी मध्ये, म्हणजे माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेल्यांत ठेवलंय. युरोपीय संघाचं वर्गीकरण याहून कडक, १बी आहे. एफएफपी-३ किंवा त्याच्या तोडीचा मास्क, पूर्ण बाह्यांचा अंगरखा, हातमोजे, चष्मा. साफसफाईला हवेची नळी अजिबात वापरायची नाही. हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम घ्या, नाहीतर ओलं फडकं. हवेने टेबल साफ होतं आणि तेच सगळं छातीत जातं. माझ्या जुन्या सहकाऱ्यांना हे पटायला फार उशीर झाला, म्हणून इथे चार ओळी जास्त लिहिल्या.

सुटलेला पदर नीट बघा

याला खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं. दोष असलेल्या रोलमधून हातभर तुकडा कापा, हळूच सोला आणि आतली उघडी पडलेली बाजू टॉर्चच्या तिरप्या उजेडात धरा. सरळ उजेडात काही दिसत नाही, टॉर्च आडवी धरायची.

चांगल्या ब्लँकेटला जोर लावून फाडलं तर आतल्या बाजूला दाढीच्या खुंटांसारखे छोटे छोटे झुबके उभे दिसतात. तेच आपले टाके. दोषी तुकड्यात तीनपैकी एक चित्र दिसेल.

आतली बाजू गुळगुळीत असेल, फक्त सुयांची भोकं दिसत असतील आणि झुबके नसतील, तर सुई आत गेली पण रिकाम्या हाताने गेली. खाचा झिजल्या असतील, नाहीतर सुई पुरेशी खोल पोचत नसेल.

झुबके असतील पण आखूड, बोट फिरवलं की तुटून पडणारे, तर टाका पडला होता, नंतर तुटला. इथे संशय कोरडेपणावर, जास्तीच्या सुईकामावर किंवा ओव्हनवर घ्यायचा.

तिसऱ्या चित्रात हाताला पावडर लागते आणि बोटांच्या चिमटीत बारीक रव्यासारखं काहीतरी खरखरतं. तो शॉट. तंतू न होता दाण्याच्या रूपात राहिलेला वितळ. असा माल दिसला की प्रश्न सुयांच्या मागे, चाकांपाशी आणि धारेपाशी असतो.

मी नव्या पोरांना पहिले दोन दिवस एवढंच करायला लावतो. चांगले आणि वाईट तुकडे सोलून टेबलावर ओळीने मांडायचे. त्यांना कंटाळा येतो, पण तिसऱ्या दिवसापासून ती मला विचारायला येत नाहीत.

दोष कुठे आहे त्याचा नकाशा

रुंदीत डावी, मधली आणि उजवी अशा तीन जागा, आणि लांबीत दर अर्ध्या मीटरला एक, अशा खडूने खुणा करून सोलून बघा. एक रोल वाया जातो, जाऊ द्या.

लांबीभर एकाच पट्ट्यात सुटत असेल तर त्या पट्ट्याच्या वरचं काहीतरी बंद आहे: तंतूंवर तेल फवारणारा एक नोझल किंवा सुयांच्या काही रांगा. फक्त कडांना सुटत असेल तर कडेला लोकर पातळ पडतेय, जाळीच्या बाजूच्या रबरी पट्ट्या फाटून हवा तिथून शिरतेय का ते बघा. ठरावीक अंतराने आडवा पट्टा येत असेल तर टेप लावून ते अंतर मोजा आणि लाइनवरच्या रोलरांच्या घेराशी ताडून बघा. २०० मिमी व्यासाच्या रोलरचा घेर सुमारे ६२८ मिमी. पट्टा दर ६३ सेंटिमीटरला येत असेल तर तो रोलर कुठला ते शोधायला इंजिनिअर लागत नाही. एका ठिकाणी असाच एक रोलर निघाला. त्याच्यावर तेलात भिजलेली लोकर चिकटून कडक गाठ झाली होती, दर फेरीला ब्लँकेट क्षणभर ओढलं जायचं. पत्र्याच्या तुकड्याने खरवडून काढली, काम संपलं.

सगळीकडे सारखंच सुटत असेल तर पुढे वाचा.

ओव्हनच्या आधीचा आणि नंतरचा तुकडा

सुईच्या मशीनमधून निघालेला, अजून तेलकट असलेला एक तुकडा घ्या. तीच जागा ओव्हनमधून बाहेर आली की दुसरा तुकडा घ्या. दोन्ही सोला. आधीचा नीट धरतोय आणि नंतरचा सुटतोय, तर दोष ओव्हनचा. आधीचाच सुटतोय तर ओव्हनला हातही लावू नका.

इतकी सोपी चाचणी असून ती क्वचितच कोणी करतं, कारण ओव्हनच्या आधीचा तुकडा घ्यायचा म्हणजे लाइन थांबवावी लागते. तीन मिनिटं थांबवा. ही चाचणी न करता बर्नरवाल्याला बोलावून दोन दिवस लाइन बंद ठेवलेली मी पाहिली आहे, आणि शेवटी निघाल्या झिजलेल्या सुया.

वजन

३०० बाय ३०० मिमीचा चौकोन कापा. २५ मिमी जाडी आणि १२८ घनता (किलो प्रति घनमीटर) असेल तर तो २८८ ग्रॅम भरला पाहिजे, ९६ घनतेचा २१६ ग्रॅम. अख्खा रोल, म्हणजे ७.३२ मीटर लांब आणि ६१० मिमी रुंद, १२८ घनतेत सुमारे १४.३ किलोचा. किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटाही यासाठी चालतो.

वजन का बघायचं? सुईला ओढून न्यायला तंतू हवेत. लोकर पातळ पडत असेल तर खाचांत काही सापडतच नाही. माल कमी पडतो तेव्हा भट्टीतून धार बारीक झालेली असते, पण पट्टा जुन्याच वेगाने चालू असतो. अशा वेळी जाडी नेमकी फसवते: हलकं ब्लँकेट सैल असल्यामुळे फुगून २५ मिमी दाखवतं. जाडी मोजून समाधान मानू नका, काट्यावर ठेवा.

तेल

इथे मी जरा थांबणार आहे, कारण माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळा चोर इथेच सापडला.

तंतू तयार होतानाच त्यांच्यावर तेलाचं इमल्शन, म्हणजे पाण्यात घोटलेलं तेल, फवारतात. वंगणच ते. सुई काचेच्या कोरड्या तंतूंत शिरली तर तंतू वाकत नाही, तुटतो. अंगावर तेलाचा पातळ हात असेल तर तो सुईबरोबर घसरत खाली जातो. म्हणजे तेल कमी पडलं की टाका पडायच्या आधीच मोडतो, आणि वर जितक्या जास्त सुया माराल तितकी भुकटी जास्त होते.

आधी नोझल बघा. फवारा पंख्यासारखा पसरलेला हवा. एखाद्याचा फवारा मधून फाटला असेल किंवा एका बाजूला झुकला असेल तर तो काढून कोमट पाण्यात टाका. तोंडाशी पिवळट, मधासारखी कडक साय जमलेली दिसेल. तारेने टोकरू नका, भोक मोठं होतं. मग गाळणी काढून बघा. मग टाकी.

टाकीची एक गोष्ट सांगतो. एका कारखान्यात दर एप्रिल-मे महिन्यांत पदर सुटायचे आणि पाऊस लागला की आपोआप थांबायचे. तीन उन्हाळे हे चाललं. गरमीने तंतू ठिसूळ होतो, असा सगळ्यांचा पक्का समज. हजार अंशांची आग झेलणाऱ्या मालाला वैशाखाचं ऊन बाधतं म्हणे! तिसऱ्या उन्हाळ्यात मी इमल्शनच्या टाकीचं झाकण उघडलं तर वर तेलाचा तवंग तरंगत होता आणि खाली दुधाळ पाणी. नासलेल्या दुधासारखं इमल्शन फाटलं होतं. चौकशी केली तेव्हा कळलं, उन्हाळ्यात नळाचं पाणी कमी पडतं म्हणून बोअरचं वापरतात. बोअरचं पाणी जड, क्षारांनी भरलेलं. त्याने इमल्शन टिकत नाही. पंप खालून पाणी ओढत होता आणि तेल टाकीतच राहत होतं. सॉफ्टनरचं पाणी जोडलं, चौथा उन्हाळा शांतपणे गेला.

तेव्हापासून मी काचेच्या ग्लासात इमल्शन घेऊन तासभर खिडकीत ठेवतो. थर वेगळे झाले तर ते वापरायचं नाही. याहून पक्कं हवं असेल तर ओव्हनच्या आधीच्या ब्लँकेटचा तुकडा ११० अंशांवर वाळवून वजन करा, मग मफल भट्टीत, म्हणजे लॅबमधल्या लहान बंद भट्टीत, जाळून पुन्हा वजन करा. घट म्हणजे तेल. तुमच्या चांगल्या दिवसाचा आकडा वहीत लिहिलेला असेल तर त्याच्याशी ताडा. नसेल तर आज चांगला माल निघतोय तोवरच काढून ठेवा.

आणि उलट चूकही होते. तेल भसाभस वाढवलं की ओव्हनमध्ये पूर्ण जळत नाही, ब्लँकेट पिवळट निघतं आणि गिऱ्हाइकाची भट्टी पहिल्यांदा पेटवली की सगळ्या शेडमध्ये धूर होतो. मग ती वेगळी तक्रार.

वेग आणि ठोके

महिनाअखेर आली की डिस्पॅचवाले लाइनचा वेग वाढवायला सांगतात. पट्ट्याचा वेग वाढतो, सुयांचे ठोके मात्र तेवढेच राहतात. हिशेब सोपा आहे: एक सेंटिमीटर रुंदीत किती सुया, गुणिले मिनिटाला ठोके, भागिले मिनिटाला किती सेंटिमीटर ब्लँकेट पुढे जातं. समजा रुंदीच्या दर सेंटिमीटरला १० सुया, मिनिटाला ३०० ठोके, वेग २ मीटर. दर चौरस सेंटिमीटरला १५ टाके पडले. वेग २.४ मीटर केलात तर साडेबाराच पडतात. सुयांच्या बोर्डावर कोणीही काही बदललं नाही आणि सहावा हिस्सा टाके गेले.

म्हणून पॅनेलवरच्या आकड्यावर विसंबू नका. ब्लँकेटवर खडूची खूण करून घड्याळ लावून वेग मोजा. ठोके टॅकोमीटरने मोजा. सुईच्या मशीनचा बेल्ट सैल झाला असेल तर पॅनेल ३०० म्हणतं आणि प्रत्यक्षात २६० असतात. बेल्ट घट्ट करणं हे फिटरचं दहा मिनिटांचं काम. दोन्ही ड्राइव्ह एकमेकांना जोडून घेता आले तर हा प्रश्न कायमचा मिटतो, पण त्याला ऑटोमेशनवाला लागतो.

जाळी आणि ओढ

जाळीची भोकं शॉटने आणि तेलाने बुजली की हवा सगळीकडून सारखी ओढली जात नाही. लोकर सलग साचायच्या ऐवजी ढगाढगाने, थांबूनथांबून पडते आणि दोन ढगांच्या मध्ये एक मऊ सपाटी राहते. पदर तिथेच सुटतात. जाळी धुवा, पंख्याच्या डक्टमध्ये साचलेली लोकर काढा, चेंबरच्या दारांचे गॅस्केट बघा. जास्त सांगण्यासारखं काही नाही, वेळापत्रकाने केलं तर हे कधी उद्भवतच नाही.

सुया

आता मशीन बंद करावं लागेल. नुसतं बटण दाबून नाही: मेन आयसोलेटर खाली, त्याला कुलूप, चावी स्वतःच्या खिशात, आणि वर राहिलेल्या बोर्डाखाली लाकडाचा ठोकळा. बोर्ड आपल्या वजनाने खाली येऊ शकतो, आणि त्याला शेकडो सुया आहेत हे सांगायला नको.

पहिल्यांदा नुसत्या डोळ्यांनी तुटलेल्या आणि वाकलेल्या सुया मोजा, आणि कुठे तुटल्या ते कागदावर मांडा. मघाचा नकाशा शेजारी ठेवलात तर बरेचदा दोन्ही कागद एकमेकांवर तंतोतंत बसतात. तुटलेल्या सुईचं टोक कुठे गेलं याचाही विचार करा. ते ब्लँकेटमध्ये गेलंय, आणि ते ब्लँकेट कोणीतरी हाताने घडी घालणार आहे. ओव्हननंतर चुंबक लावला नसेल तर आजच लावा.

न तुटलेल्या सुयांतल्या पाच-सहा काढा. मधल्या दोन, कडेच्या दोन, कुठल्याही दोन. शेजारी कपाटातली एक नवी कोरी सुई ठेवा आणि घड्याळजी वापरतात तसल्या भिंगातून दोन्ही बघा. नव्या सुईच्या तिन्ही धारांवर खाचा अशा दिसतात की नखाने ओढलं तर नख अडकतं. जुन्या सुईत खाचेची पाठ गोल झालेली असते, ओढलेली पेन्सिलची रेघ नखाने चाचपावी तसं नख सरळ निघून जातं. बाहेरून सुई चकचकीत, सरळ, नव्यासारखी. म्हणून फिटर म्हणतो, ‘साहेब, सुया चांगल्या आहेत.’ वाकल्या नाहीत म्हणजे चांगल्या, असा त्याचा हिशेब असतो. कापड आणि फेल्टच्या धंद्यातून आलेल्या माणसांचा इथे हमखास घोटाळा होतो. पॉलिस्टरमध्ये सुई जितकी टिकते तितकी ती सिरॅमिकमध्ये टिकत नाही, कारण काचेचे तंतू आणि शॉटचे दाणे तिला रोज घासून काढतात. पॉलिश पेपरमध्ये सुई मारल्यासारखंच ते.

सगळ्या सुया एकदम बदलायला पैसे लागतात म्हणून लोक टाळतात. माझा रिवाज तिसऱ्या हिश्श्याचा आहे: बोर्डाचे तीन भाग धरायचे आणि ठरावीक तासांनी एकेक भाग बदलत जायचा. त्याने ब्लँकेटची ताकद झेप घेत नाही आणि कोसळतही नाही. एकदम सगळ्या बदलल्या तर पहिले काही तास नव्या सुया इतके तंतू ओढतात की ब्लँकेट दबून पातळ निघतं आणि वेगळीच तक्रार सुरू होते. किती तासांनी बदलायचं ते तुमच्या शॉटवर अवलंबून आहे, वहीत तास लिहिल्याशिवाय ते ठरणार नाही.

सुया बदलतानाच खालची भोकांची पट्टी बघून घ्या. भोकांत लोकर आणि शॉट ठासून भरला असेल तर सुई पूर्ण खाली जात नाही, किंवा जाताना घासून तुटते. पितळी सळीने एकेक भोक मोकळं करणं हे कंटाळवाणं काम आहे, रविवारी करा.

आता खोली

वरचं सगळं झालं असेल आणि तरी झुबके आखूड असतील, तरच खोलीला हात लावा. आधी आजची खोली मोजून लिहा. एका वेळी एक मिलिमीटर बदला, एक रोल काढा, तुकडा सोला, ताण-चाचणी घ्या, मग पुढचा मिलिमीटर.

कारण असं आहे: खोली आणि टाके वाढवले की ताकद काही मर्यादेपर्यंत चढते आणि मग उतरते. मर्यादेपलीकडे सुई तंतू ओढत नाही, तोडते. जिथे तेल कमी आहे किंवा तंतू आखूड आहेत तिथे ही मर्यादा फार लवकर येते. म्हणून मूळ कारण न शोधता खोली वाढवली की आधी बरं वाटतं आणि मग जास्त बिघडतं, आणि मधल्या काळात झुबके इतके तुटतात की खरं कारण काय होतं ते पदर बघूनही कळत नाही. मला गेल्या गेल्या आधी जुनी खोली परत लावून घ्यावी लागते, ती कोणी लिहून ठेवलेली नसते, आणि सकाळ तिथेच जाते.

ओव्हनमध्ये दोष निघाला तर

ओव्हनचं काम तेल जाळणं आणि ब्लँकेटला एकदा तापवून त्याचा आकार बसवणं. तापमान गरजेपेक्षा बरंच वाढलं तर तंतू कडक होतात. हा तंतू काच असतो तोवरच थोडाफार लवचीक असतो. ९८० अंशांच्या आसपास त्यात म्युलाइटचे स्फटिक बनू लागतात आणि तो आणखी ठिसूळ होत जातो. ओव्हन त्याच्या खूप खाली चालवायचा असतो, पण बर्नरची ज्योत थेट ब्लँकेटवर आपटत असेल तर पॅनेल काहीही दाखवो, त्या ठिकाणी काय होतंय ते वेगळंच. थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, कुठे टोचलंय ते बघा. बऱ्याचदा ते भिंतीच्या आडोशाला निवांत बसलेलं असतं. थर्मोकपल बदलणं तुमच्या इलेक्ट्रिशियनचं काम. बर्नरची हवा-गॅस जुळवणी मात्र त्याची नाही.

चाकं आणि धार

तिसरं चित्र, म्हणजे रवाळ माल, दिसला असेल तर ओव्हननंतरचा तुकडा कुस्करून बारीक चाळणीतून चाळा आणि वर राहिलेला दाणा तोला. चांगल्या दिवसापेक्षा तो जास्त असेल तर धार चाकावर नेमकी कुठे पडतेय ते काळ्या काचेतून बघा. धार मध्यातून सरकलेली असते, नाहीतर चाकाच्या पृष्ठभागावर खोल खाच पडलेली असते. चाक बदलणं प्लांटमध्ये होतं. धार सरकवणं किंवा पातळ-जाड करणं हा भट्टीचा विषय, आणि तिथे मी थांबतो.

इथे हात मागे घ्या

भट्टीत १,८०० अंशांच्या वरचा वितळ आहे आणि तिला पाण्याचं कूलिंग आहे. कूलिंगच्या पाण्याचा प्रवाह कमी झालेला दिसला, परतीचं पाणी नेहमीपेक्षा गरम लागलं किंवा कुठेही ओल दिसली, तर पदरांचं विसरा. वितळाखाली अडकलेलं पाणी क्षणात वाफ होतं आणि तो स्फोट असतो. वीज तोडा, माणसं लांब करा, भट्टी बनवणाऱ्याला बोलवा. इलेक्ट्रोड, ट्रान्सफॉर्मर आणि तळाचं धारेचं भोक याबाबतही हेच. ‘जरा बघतो’ म्हणणाऱ्याला तिथे उभं राहू देऊ नका.

सुईच्या मशीनमधून ठोक्याबरोबर धातूचा टक् असा आवाज येत असेल, किंवा बोर्डाच्या दोन टोकांची खोली मोजल्यावर वेगवेगळी येत असेल, तर मुख्य शाफ्ट नाहीतर त्याचे बेअरिंग गेले आहेत. बोल्ट आवळून हे जुळत नाही. मशीन बनवणाऱ्याचा माणूस बोलवा. तो येईपर्यंत चालवत राहिलात तर एक बेअरिंग वाचवायला जाऊन शाफ्टचे पैसे भराल.

गॅसचा वास, ज्योत पिवळी किंवा उड्या मारणारी: बर्नरचा परवानाधारक माणूस. शेडमध्ये उन्हाच्या तिरिपेत तंतू तरंगताना दिसतात आणि कामगारांना खाज-खोकला आहे: औद्योगिक आरोग्याच्या प्रयोगशाळेकडून हवेची मोजणी. हे दोन्ही पुढच्या आठवड्यावर ढकलायचे विषय नाहीत.

राहिला प्रश्न सुटलेल्या रोलांचा. पुन्हा सुईखालून काढू नका. ओव्हनमधून आल्यावर त्यातलं तेल जळून गेलेलं असतं, कोरड्या मालावर सुई मारली की आहेत तेवढे टाकेही तुटतात. वजन बरोबर असेल तर फाडून पिंजा आणि मोकळी लोकर म्हणून भट्ट्यांच्या सांध्यांत भरायला द्या, पिशवीवर तसं लिहून. माझ्याकडे एक पर्चेसवाला यायचा, तो सुटलेले पदर मुद्दाम मागायचा. २५ मिमीचा सुटलेला रोल सोलून त्याला स्वस्तात १३ मिमीचा माल करायचा असायचा. सोललेल्या रोलवर जुनं लेबल कधी ठेवू नका.